तुपाच्या थेंबाखालच्या पारंब्या

अंगावर घोंगडी घ्या. मोबाइल घरीच राहू द्या, कारण आपण निघालोय तिथं तो चार्ज करायला वीजच नाही. रेणापूरच्या रेणुकादेवीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडा आणि गाडीत बसा. गाडी म्हणजे बैलगाडी. रेणापूरहून लातूर, लातूरहून बार्शी आणि तिथून पुढं बार्शी रोड नावाचं स्टेशन. तुम्ही आज त्याला कुर्डुवाडी म्हणता. लातूरच्या लोकांनी आगगाडीची शिट्टी ऐकायला अजून पंधराएक वर्षं जायची आहेत. साल 1896, महिना डिसेंबर.

पहिल्या दिवशीच हाडं खिळखिळी होतील. धुरळा नाकात जाईल, दातांत करकरेल. शिवाराकडे फार वेळ बघवणार नाही. पावसानं दगा दिलाय, ज्वारी गुडघ्याएवढी राहून वाळलीय. सोलापूर जिल्ह्यात शिरलात की रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडताना दिसतील. दगडावर दगड आपटल्याचा तो आवाज गाडी पुढं गेली तरी कानातून जात नाही.

बार्शी रोडला तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढा. खिडकी सहज मिळेल, कारण डब्यात मोजून चार माणसं आहेत. समोरून येणाऱ्या गाड्या मात्र बघा. दारात, पायरीवर, जिथं हात अडकेल तिथं माणूस लटकलेला. बोचकी, पिंजऱ्यातला पोपट, पाटा-वरवंटासुद्धा. समोरच्या बाकावरची म्हातारी तुमच्याकडे टक लावून बघतेय.

"कुठं निघालाव, बाबा?"

"मुंबईला, मावशी."

"अवो, समदी मुंबई हिकडं पळायलीय आन् तुमी तिकडं चाललाव?" असं म्हणून ती आपलं गाठोडं उचलते आणि दोन बाकं पलीकडं जाऊन बसते. तुमचा स्पर्श नको तिला. वाईट वाटून घेऊ नका. महिनाभरात मुंबईत तुम्हीही असंच करायला लागाल.

बोरीबंदरला उतरलात की आधी वास येईल. जंतुनाशक कार्बोलिकचा उग्र, घशाला झोंबणारा वास, त्याखाली घामाचा, घोड्यांच्या लिदीचा आणि खारट समुद्राचा. फलाटावर माणसांचा लोट तुमच्या अंगावर येतोय. सगळे आत घुसताहेत, बाहेर पडणारे तुम्ही एकटे. कुणाचा कोपर बरगडीत बसतो, कुणाची ट्रंक नडगीवर आदळते. कडेवरचं पोर रडतंय आणि आईला त्याच्याकडे बघायला उसंत नाही. डोक्यावर ते नवंकोरं भव्य स्टेशन, दगडात कोरलेले मोर आणि माकडं. वर बघायला आज कुणाला वेळ आहे?

बाहेर घोड्यांची ट्राम उभी आहे. तिनं न जाता मांडवीतून पायी चला. धान्याच्या वखारींचा हा भाग. साथ पहिल्यांदा इथंच दिसली, आणि डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याकडच्या डॉक्टरांनी सप्टेंबरात तिचं नाव उघड घेतलं: प्लेग. वर्तमानपत्रं तिला ग्रंथिक सन्निपात म्हणतात, चाळीतली माणसं गाठीचा ताप म्हणतात आणि गावाकडं तिचा पिलेग होणार आहे. गल्लीत पाऊल टाका. इतक्या दाट वस्तीत इतकी शांतता तुम्ही कधी ऐकली नसेल. घरांची कौलं उतरवलीत, म्हणजे आत ऊन पडावं. भिंतींना पांढराशुभ्र चुना मारलाय. गटारात समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलंय, त्याचा फेस कडेनं वाहतोय. पहिल्या मजल्यावरच्या एका बंद दारापुढं रांगोळी अजून तशीच आहे. काढणारी कुठं गेली, ते विचारू नका.

आणि थांबा! तो उंदीर. पोत्याच्या सावलीत पडलाय, पाय वर केलेले. वाकून बघू नका, दोन पावलं मागं या. या शहरात तुम्ही एकटेच असे आहात की तुम्हाला पिसवांचं गुपित ठाऊक आहे. मेलेला उंदीर थंड झाला की पिसवा त्याला सोडून गरम अंग शोधतात. सिमों नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत हे दाखवून देईल, पण त्याला अजून दीड वर्ष आहे. आज इथले थोर थोर डॉक्टर दूषित हवेला, दमट जमिनीला आणि धान्याला दोष देताहेत. तुमच्या ओठांवर आलंय, मला कळतंय. पण धोतर झटका आणि चालू लागा. आपल्याला भायखळ्याला जायचंय.

ग्रँट मेडिकल कॉलेज. शेजारी जे.जे. हॉस्पिटल. आत शिरा, डावीउजवीकडे विचारत जा. "तो रशियन साहेब? त्या टोकाला." एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा, एवढीच प्रयोगशाळा. एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच नोकरवर्ग. त्यातल्या कुणालाही या कामाचं शिक्षण नाही. टेबलामागं छत्तीस वर्षांचा एक सडपातळ माणूस वाकून उभा आहे. मिशा नीट कापलेल्या, कॉलर घामानं भिजलेली. तुम्ही आत आलेलं त्याला कळलेलं नाही. हे वाल्डेमार हाफकिन.

हा माणूस इथवर कसा आला, ते तो स्वतः सांगणार नाही. तेवढ्यापुरतं मी बोलतो. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या ज्यू घरातला मुलगा. गुरू मेचनिकॉफ. या मेचनिकॉफनं तारामाशाच्या पिल्लाच्या पारदर्शक अंगात काटा टोचला आणि रात्र सरल्यावर पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! शरीराला स्वतःची फौज असते, हे त्याला त्या काट्यानं दाखवलं. म्हातारपणी हाच गुरू आतड्यातल्या जंतूंच्या मागं लागेल आणि रोज दही खा म्हणून साऱ्या युरोपाला सांगत सुटेल. तुमच्या आजीला त्यात नवल वाटलं नसतं.

शिष्याला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी जागा मिळाली ती ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं लावायची, उरलेल्या वेळात जंतू वाढवायचे. तिथं त्यानं पटकीवर लस केली. पटकी म्हणजे आपल्याकडची मरीआई. रात्री जेवून झोपलेला माणूस आतडी पिळवटून सकाळी दगावायचा, तो रोग. 1892 च्या जुलैत ती लस त्यानं पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. मग कलकत्त्याच्या बस्त्यांत हिंडून हजारोंना. मुंबईत उंदीर पडायला लागले, तेव्हा सरकारनं त्याला इकडं बोलावलं.

आता हात धुवा, कार्बोलिकच्या पाण्यात, कोपरापर्यंत. कातडी चरचरेल. माणसं कमी आहेत, तुम्हाला काम मिळणारच.

पहिलं काम नाकाला सोसणारं नाही. बकऱ्याचं मांस आम्लात शिजवून विरघळवायचंय, त्याचा गाळून स्वच्छ रस करायचाय. गाय नको आणि डुक्करही नको, म्हणून बकरं. या शहरातल्या कुठल्याच माणसाला सुई घेताना धर्म आड येऊ नये, एवढा विचार त्या रसात आहे. बंद खोलीत आंबूस, खारट वाफ कोंडलीय. डोळ्यांतून पाणी येतंय. शिपाई उपरण्यानं नाक बांधून ढवळतोय. तुम्हीही बांधा.

रस गोल बुडाच्या चंबूत भरला. आता जरा जवळ या. हाफकिन एक बरणी उघडतात आणि तुम्हाला घरचा वास येतो. तूप! होय, तेच, जे तुम्ही वरणभातावर घेता. रसावर तुपाचे थेंब सोडले. ते तरंगले, पांगले, पिवळे चकचकीत ठिपके झाले. मग तारेच्या टोकावरून प्लेगचे जंतू आत सोडले, तोंडाला कापूस लावला, आणि चंबू अंधाऱ्या जागी ठेवला. आता त्याला हात लावायचा नाही. दार आपटायचं नाही. बाजूनं जाताना पाय वाजवायचे नाहीत.

"काय व्हतंय त्यात?" तुम्ही शिपायाला हळूच विचारता.

"दोन दिस थांबा, दाखवतो," तो म्हणतो. तो साताऱ्याकडचा असावा. रोज संध्याकाळी घरी जाताना अंगणातच कपडे काढून उकळत्या पाण्यात टाकतो, असं त्याचं त्यानंच सांगितलं.

काही दिवसांनी दिवा घेऊन तुम्ही दोघं चंबूसमोर उकिडवे बसता. ज्योत मागं धरा. दिसलं? तुपाच्या प्रत्येक ठिपक्याखालून बारीक पांढरे धागे खाली लोंबताहेत. जणू वडाच्या पारंब्या. गावाबाहेरच्या वडाखाली उभं राहून वर बघावं तशा, फक्त केसाहून बारीक. श्वास रोखून बघा, कारण चंबू जरा जरी हलला तरी त्या तुटतात. या इवल्याशा पारंब्यांतला एकेक तुकडा म्हणजे जंतूंचं गावच्या गाव. बाहेर मांडवीत जे माणसं मारतंय, तेच इथं तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर शांतपणे वाढतंय. तुमच्या मानेवरून घाम उतरलाय. शिपाई तुमच्याकडे बघून हसत नाही. त्याच्या मानेवरूनही उतरलाय.

मग हाफकिन येतात, चंबू उचलतात आणि स्वतः हलवतात. पारंब्या तुटून भुरभुरत तळाशी बसतात. वर तुपाखाली नवा फुटवा येऊ द्यायचा, तो पुन्हा पाडायचा. असं कितीदा तरी. आठवड्यामागून आठवडे जातात. रस गढूळ झाला की चंबू सुमारे 70 अंश सेल्सियसवर तासभर तापवायचा. जंतू मेले, पण त्यांची ओळख शाबूत राहिली. मेलेला चोर चावडीसमोर टाकावा, म्हणजे गाव त्याचं तोंड नीट बघून ठेवतं. पुढं त्याचा भाऊबंद वेशीत शिरला की ओळखायला वेळ लागत नाही. लस शरीराला एवढंच शिकवते.

सांगायला सोपं आहे. त्या खोलीत मात्र दिवस आणि रात्र यातला फरक पुसला गेलाय. मुंबईचा डिसेंबर असूनही सदरा पाठीला चिकटलेला. खिडकीबाहेरून अधूनमधून तिरडी जाते. सुरुवातीला तुम्ही उठून उभे राहत होता, आता मान वर करत नाही. माणसं खचताहेत. मदतनिसांतला एक मनानंच ढासळला, दोघं काम सोडून गेले. त्यांना भित्रे म्हणायची माझी हिंमत नाही, तुम्हीही म्हणू नका. हाफकिन बारा-चौदा तास उभेच. सशांवर प्रयोग झाले. टोचलेले ससे तगले.

10 जानेवारी 1897. रविवार आहे, संक्रांत तोंडावर आलीय. कुठल्या तरी चाळीतून तीळ भाजल्याचा खमंग वास येतो आणि कितीतरी दिवसांनी तुम्हाला जेवावंसं वाटतं. आज कॉलेजात गडबड नाही. हाफकिन सुई मागवतात, आणि एक डॉक्टर ती त्यांनाच टोचतात. नळीतल्या द्रवाकडे बघा, 10 घनसेंटिमीटर. पुढं लोकांना जी मात्रा दिली जाईल, तिच्या तिपटीहून जास्त. एवढी कशाला? जे दुसऱ्याला सोसावं लागेल, त्याहून जास्त आधी आपण सोसून बघायचं, म्हणून.

संध्याकाळी त्यांच्या कपाळावरून हात न फिरवताही ताप कळतो. डोळे लाल, टोचलेली जागा सुजून दगडासारखी, हलताना ओठ आवळले जातात. तुम्हाला भीती वाटतेय. पण तोच ताप ही चांगली खूण आहे. काट्याभोवती गोळा झालेली ती फौज आता या अंगात उठलीय. आपण जिला दाह म्हणतो ती सूज, ती आग, तो ठणका म्हणजे तिच्या पावलांचा आवाज.     हाफकिन तुमच्यासमोर खुर्चीत बसून तापानं कापताहेत आणि कागदावर आपल्याच तापाची नोंद करताहेत.

काही दिवसांनी ताप उतरला. कॉलेजातल्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना त्यांनी काय केलं ते कळलं. बाह्या सरसावून पोरं पुढं आली. त्यांच्या मागं तुम्हीही उभे आहात. सुई आजच्यासारखी बारीक नाही. जाड आहे, आणि आत जाताना कळतं. दात आवळा. उद्या हात वर होणार नाही, अंग मोडून येईल, घोंगडीत गुरफटून पडाल. आणि उशाशी बसलेला साताऱ्याचा शिपाई म्हणेल, "येऊ द्या ताप. साहेबालाबी आला व्हता."

नीट ऐका ते वाक्य. मला वाटतं, या साऱ्या गोष्टीचा जीव त्यातच आहे. साहेबालाबी आला व्हता. चंबूत लस तयार झाली, पण लोकांचा भरवसा चंबूत वाढत नाही. तो एका माणसाच्या सोसण्यातून दुसऱ्याच्या मनात उतरतो, आणि त्याला आठवडे लागतात.

जानेवारी सरता सरता भायखळ्याच्या तुरुंगात गाठीचा ताप शिरला. चला आत. उंच भिंती, ओल, शेकडो कैदी ओळीनं बसलेले. लस कशाची, त्रास काय होईल, हे त्यांना सांगितलं आणि निवड त्यांच्यावर सोडली. जवळजवळ निम्म्यांनी टोचून घेतली, बाकीच्यांनी नाही. दोन्ही गटांचं जेवण एक, बराकी त्याच, हवा तीच. पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांतली माणसं एकामागून एक आजारी पडली, काही दगावली. टोचलेल्यांत आजारी पडणारे अगदी थोडे. हाफकिन नोंदवहीतल्या रेघेच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मोजताहेत. लस पूर्ण कवच नाही. टोचलेल्यालाही प्लेग होऊ शकतो, आणि ती पूर्ण कवच आहे असं हाफकिन कधी म्हणतही नाहीत. पण ज्या आजारात निम्म्याहून जास्त माणसं जातात, तिथं हा फरक म्हणजे घरटी एक जीव.

आता जरा भरभर चालू. पायाखालून वर्षं जातील, घाबरू नका. आगाखानांनी आपल्या खोजा समाजापुढं स्वतः टोचून घेतली आणि जमातीतले हजारो त्यांच्यामागं आले. प्रयोगशाळेनं एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात बिऱ्हाड हलवलं आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ती स्थिरावली. जिथं मेजवान्या झडत, त्या दालनांत आता चंबूंच्या रांगा लागल्यात आणि हवेला तुपाचा वास आहे. कुपीवर कुपी भरली जातेय, पेट्या आगगाडीनं देशभर निघाल्यात.

इथं एक जागा अशी आहे की थांबावंच लागेल. पंजाबातलं मलकोवाल गाव, 1902. एका कुपीतून लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. तिथं कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. दोष मात्र मुंबईवर आला, हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर व्हावं लागलं. ज्यानं आधी स्वतःला टोचलं, त्याच्यावर निष्काळजीपणाचा डाग लागला. तो डाग पुसला जायला 1907 उजाडलं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठं. परत आले ते कलकत्त्याला. मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव 1925 मध्ये मिळालं. पाच वर्षांनी ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले. तोवर या संस्थेतून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या.

चला, आता मागं फिरू, साथीच्या दिवसांतली परतीची गाडी धरू. बार्शी रोडला उतरून पुन्हा बैलगाडी. वाटेतलं एक गाव ओस पडलंय. दारं उघडी, चुली थंड. उंदीर पडले आणि गाव उठलं. माणसं माळावर पालं ठोकून राहिलीत, ज्वारीच्या ताटांच्या आडोशाला चुली पेटल्यात. तिथंच एका बाभळीखाली एक टोचणीवाला पेटी उघडून बसलाय आणि लोक दहा हात लांबूनच बघताहेत. कुणी पुढं येत नाही. आया पोरांना पदराआड घेताहेत.

गाडीवान तुमच्याकडे बघतोय. तुम्ही खाली उतरा. सदऱ्याची बाही वर सारा. भायखळ्यात टोचलेल्या सुईची खूण अजून तिथं आहे. ती त्यांना दाखवा.

"लई दुखतंय का?" एक बाई विचारते.

खोटं बोलू नका. "दुखतंय," असं सांगा. "दोन दिवस ताप येतो. मला आला होता."

ती काही वेळ तुमच्या दंडाकडे बघते. मग कडेवरचं पोर खाली ठेवते, आणि स्वतः पुढं येते.